ताईंची दुपार

दारात आलेल्या पाहुण्याला ‘आपण कोण?’ असं विचारायचं नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. गोतावळाच एवढा मोठा, की कोण कुणाचं कोण हे लक्षात ठेवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून आधी पाणी द्यायचं, मग चहा द्यायचा आणि बोलता बोलता समोरच्याच्या तोंडून नातं बाहेर पडायची वाट बघायची. आजवर माझं याच रीतीनं निभावलं. त्या दिवशी नाही निभावलं.

मार्च संपत आलेला. सकाळचं कॉलेज उरकून मी घरी आलो होतो, आई आत झोपली होती, बायको ऑफिसातून यायची होती. फाटकाची कडी वाजली. हातात कापडी पिशवी, पदर डोक्यावरून घेतलेला, चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी. मला बघून मोकळं हसली आणि म्हणाली, "आजी कशा हायेत आता?"

आईची एवढी चौकशी करणारी बाई नात्यातलीच असणार. "या, या! ऊन काय लागलं असेल!" म्हणत मी तिला सोफ्यावर बसवलं, पंखा वाढवला, माठातलं पाणी दिलं. मग स्वतःच्या हातानं चहा केला. साखर जास्त झाली, तरी तिनं तो तक्रार न करता प्यायला. ही नातलग असल्याचा आणखी एक पुरावा मला मिळाला.

"कुठून आलात?"

"लासूर स्टेशनहून."

लासूरला माझी एक चुलत आत्या दिलेली आहे. म्हणजे धागा लागला. "लासूरला कोणाकडं असता?" मी हळूच खडा टाकून पाहिला.

"कोणाकडं म्हंजे? घरीच."

मी हसलो. तीही हसली. आडनाव विचारलं असतं तर एका शब्दात उलगडा झाला असता, पण आपल्याच माणसाला आडनाव कोणत्या तोंडानं विचारायचं? मग मी बोलत सुटलो. आई न्हाणीघरात कशी घसरली, खुब्याचं हाड कसं मोडलं, ऑपरेशननंतर ती वॉकर धरून चार पावलं कशी टाकते, रात्रीतून कितीदा हाक मारते, गोळी जिभेखाली ठेवून नंतर कुंडीत कशी टाकते, सगळं सांगितलं. आम्ही घरात राहणारी बाई शोधतोय हेही सांगितलं. "पण कोणी टिकेल असं वाटत नाही," मी आवाज खाली आणला. "आमच्या मंडळींचं काम कडक. कपाटावरून बोट फिरवून धूळ बघतात."

"मागची बाई का गेली मग?" तिनं विचारलं.

"मंडळींनी घालवली, आणि काय!"

एवढ्यात मंडळी दारात आल्या. त्या बाईकडं बघून बायको म्हणाली, "अगं बाई, आलात का? मी तर तुम्हाला उद्या बोलावलं होतं."

"म्हटलं, आदल्या दिशी घर बघून घ्यावं वहिनी," ती बाई पिशवी सावरत उठली. "दादांनी समदं सांगितलं."

माणूस कामावर ठेवताना त्याची मुलाखत घेणारे मालक पुष्कळ असतील. स्वतःच तासभर मुलाखत देऊन बसलेला मीच.

तर अशा या ताई आमच्याकडं आल्या. बायकोनं उभ्या उभ्या सगळं ठरवलं. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला, जेवण आमच्याच कुकरमधलं, एकाआड एक रविवार लासूरला जायची सुट्टी. मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती, ती ताईंना. ताईंनी खोली बघितली. पलंग, खिडकी, कपाट कशाकडंच लक्ष न देता दार लोटून म्हणाल्या, "आतून कडी लागती का?"

कडी गंजलेली होती. ती मी दुरुस्त केली, म्हणजे सुताराला बोलवून आणलं.

"अजून एक हाय," ताई म्हणाल्या. "दुपारची जेवणं झाली की चार वाजेपर्यंत मी झोपणार. तेवढ्यात मला कोणी उठवायचं नाय. आजींकडं तेवढा वेळ घरच्यांनी बघायचं. हे जमत नसंल तर आत्ताच सांगा."

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो.

"दादा, आधीच्या घरी बी असंच म्हणले होते." मग ताईंनी सांगितलं. आधी त्या एका आजोबांकडं होत्या. रात्र रात्र जागरण, दिवसा घरकाम. एका सकाळी आजोबांना धरून न्हाणीकडं नेताना उभ्या उभ्याच त्यांचा डोळा लागला. हात सैल झाला, आजोबा गेले बाजूला. भिंत होती म्हणून टेकले, नाहीतर डोकंच फुटलं असतं. कोणाला काही कळलं नाही, पण ताई त्याच दिवशी काम सोडून घरी गेल्या. "झोप नाय झाली तर माझ्या हातून माणूस पडंल," त्या म्हणाल्या. "तेवढं पाप मला नको."

बायकोनं मान हलवली, मीही हलवली. आईच्या हाडात नुकताच लोखंडाचा तुकडा बसलेला. ती पुन्हा पडली तर उठणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं होतं.

मान हलवणं सोपं होतं. पुढं काय झालं ते सांगतो.

पहिल्याच आठवड्यात भर दुपारी नळ आला. आमच्या शहरात नळ येणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून समजणार नाही. कितीतरी दिवसांनी तो येतो, वेळ सांगून येत नाही, आणि आला की अख्खी गल्ली झोपेतून उठून मोटारी लावते. मी लहान मुलासारखा ओरडलो, "पाणी आलं!" ताई दार उघडून पदर खोचत बाहेर. टाकी भरली, पिंप भरलं, पातेली भरली. झोप गेली.

मग आत्या आली. आईची तब्येत कशी आहे हे तिला माझ्याकडून कळून चालेना, तिनं ताईंनाच उठवून विचारलं. मग पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल, त्याला ताईंना नमस्कार करायचा होता. बायको ऑफिसातून ताईंच्या मोबाईलवर फोन करून सांगायची, मटकी भिजत घाला आणि विसरू नका. आणि एकदा तर मीच दार वाजवलं. त्यांच्यासाठी कलिंगडाची फोड कापून ठेवली होती, ती गरम होऊ नये म्हणून.

 दिवसेंदिवस ताईंचं हसणं उशिरा येऊ लागलं. आपण काहीतरी गमतीचं बोलावं, आणि ते विहिरीत टाकलेल्या खड्यासारखं बऱ्याच वेळानं तळाला पोचावं, तसं.

एका सकाळी मी दाढी करत होतो. आरशात मागची खोली दिसत होती. ताईंनी आईला पलंगावरून उठवलं, वॉकर तिच्या हाताशी दिला, आणि तिच्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. आणि मला आरशात दिसलं, ताईंचे डोळे मिटले. क्षणभरच. वॉकर एका अंगाला कलला, आईनं "अगं अगं" केलं, ताईंनी डोळे उघडले आणि तिला घट्ट धरलं. झालं काहीच नाही. ताईंनी आईला पुन्हा पलंगावर बसवलं, पाय वर घेतले, पांघरूण नीट केलं. मग स्वतः पलंगाशी खाली फरशीवर बसल्या आणि हाताच्या तळव्यांकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांची पिशवी भरलेली होती.

"वहिनी, दुसरी बघा," ताई म्हणाल्या.

"काय चुकलं आमचं?" बायकोनं विचारलं.

"चुकलं काय नाय. लई मायेची माणसं तुम्ही. पर मायेनंच उठवता."

  बायकोनं ताईंच्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली आणि म्हणाली, "आठ दिवस द्या मला. आठ दिवसांत पुन्हा कोणी उठवलं तर मीच तुम्हाला गाडीत बसवून देते." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही दुपारी घरी असता ना? मग आता तुम्ही बघायचं."

इथं माझ्या दुपारच्या झोपेबद्दल सांगायला पाहिजे. सकाळचं कॉलेज पत्करण्यामागं विद्यादानाची काही ओढ असेल, तर ती दुसऱ्या क्रमांकाची. पहिला क्रमांक कूलरसमोरच्या चटईचा. क्रांती चौकातल्या उन्हातून गाडी काढत घरी येताना मला समोर सिग्नल दिसायचा नाही, ती चटई दिसायची. तीच आता गेली.

मी घंटेचं बटण बंद केलं. घरच्या सगळ्यांना फोनवर ताकीद दिली. ताईंच्या आणि आईच्या खोलीमधल्या बोळात एक वेताची खुर्ची टाकली, ताईंच्या दाराला पाठ लावून, तोंड आईच्या उघड्या दाराकडं. आणि बसलो.

पहिले दोन-तीन दिवस मी नुसता घड्याळाकडं बघून रागावत होतो. मग हळूहळू मला त्या दुपारीच आवडायला लागल्या. बाहेर ऊन एवढं, की त्याचाच बारीक आवाज येतोय असं वाटायचं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरायचा. आईच्या खिडकीला हिरव्या प्लास्टिकची कनात लावली होती. तिच्यातून येणाऱ्या उजेडात पलंग, वॉकर, औषधांचा डबा, सगळं पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं दिसायचं. पाठीमागं दारापलीकडून ताईंचा श्वास ऐकू यायचा, लांब, सावकाश. दुसऱ्याची झोप राखताना आपलंही मन निवतं, हे मला माहीत नव्हतं.

आणि त्या हिरव्या उजेडात आई बोलायची.

आईचं माहेर धरणात गेलं. पैठणच्या वरच्या अंगाला गोदाकाठी ते गाव होतं. आता तिथं आभाळाएवढं पाणी आहे. ती त्याबद्दल कधी बोलत नसे. आम्ही धरण बघायला गेलो तर बागेत पाठ करून भेळ खात बसायची. पण आता दुपारी, अर्धी झोपेत, ती त्या गावात चालायला लागायची. खुब्याचं हाड मोडलेली माझी आई तिथं वॉकरशिवाय चालायची.

"खालच्या आळीनं जाऊ," ती म्हणायची. "वरच्या आळीला कुत्रं हाय."

"बरं," मी म्हणायचो.

"पाय जपून. चावडीपुढं चिखल हाय."

मी जपून पाय टाकायचो. खुर्चीत बसल्या बसल्या चिंचेखालून जायचो, घाटाच्या पायऱ्या उतरायचो. कधी ती मला मुलगा समजायची, कधी भाऊ, कधी कोणी मैत्रीण. मी कोणीही व्हायला तयार असायचो. पन्नाशी उलटल्यावर मला माझ्या आजोळची वाट कळत होती, ती बुडाल्यानंतर. आठ दिवस कधी उलटले ते समजलंही नाही. ताईंची पिशवी कपाटावर गेली, त्यांचं हसणं पुन्हा वेळेवर यायला लागलं. आता त्या मला दटावायच्याही, "दादा, खुर्चीत बसून माना टाकू नका, मान आखडंल."

आणि एका शनिवारी मामा आला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात माझ्या मागं उभा राहिलेला, उभ्या आयुष्यात ज्याला मी ‘नाही’ म्हटलेलं नाही असा. जीप घेऊन आला, सोबत मामी आणि दोन मामेभाऊ. घंटा बंद असल्यामुळं त्यानं फाटकातूनच हाक दिली, ती मी धावत जाऊन अर्ध्यात थांबवली. ताईंचा डोळा नुकता लागला होता.

आईला डोळे भरून बघून झालं. पाणी झालं. मग मामीनं पिशवीतून एक साडी काढून मांडीवर ठेवली. "आमच्या अक्काचं करणाऱ्या बाईला आणलीय," मामा म्हणाला. "बोलव तिला."

"झोपल्यात मामा."

"दुपारच्या?"

"रात्री जागतात ना. चारला उठतील."

"चारला? लेका, मला उजेडात गावाला पोचायचंय. एक मिनिटाचं काम हाय. उठव, साडी देतो, हात जोडतो, निघतो. अक्का कोणाच्या हातात हाय ते बघायला नको का मला?"

मागणी काही वावगी नव्हती. मामा ताईंचा सन्मानच करायला आला होता. साडी चांगली होती. पण बोळात ती खुर्ची दिसत होती, आणि मला आरशातला तो वॉकर आठवला, एका अंगाला कललेला.

"नाही मामा. उठवता येणार नाही."

मामेभाऊ मोबाईलमधून वर बघायला लागले. मामानं टोपी काढली. टोपी काढली की तो रागावलेला असतो, हे आमच्या खानदानात सगळ्यांना माहीत आहे.

"मी बी रात्रीचा पाण्याला जागतो," तो म्हणाला. "लाईट रात्रीचीच असती आमच्याकडं. पर दुपारी दारात कोणी आलं तर उठून बसतो का नाय? का तुला म्हणतो, मी झोपलोय, चारला ये?"

"तुमच्या हातात फावडं असतं मामा," माझ्या तोंडून गेलं. "तिच्या हातात तुमची बहीण असते."

 कूलर घरघरत होता. मामा माझ्याकडं बघत राहिला, आणि मी आता जीप निघणार, दिवाळीला फोन येणार नाही, गावच्या लग्नात मला मागच्या रांगेत बसवणार, इथपर्यंत सगळं बघून घेतलं.

मामीनं साडीची घडी नीट केली. "बसा हो घटकाभर," ती मामाला म्हणाली. "पोरगं पहिल्यांदाच तोंड वर करून बोललंय. त्याचा मान ठेवा."

मामा आईच्या पलंगाजवळ जाऊन खाली भिंतीला टेकून बसला. माझ्याकडं पाठ करून. मी बोळातल्या खुर्चीत जाऊन बसलो. दोघांमध्ये आईचं उघडं दार आणि तो हिरवा उजेड.

"कोण आलंय?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"मी हाय अक्का."

"मग चल की. खालच्या आळीनं जाऊ. वरच्या आळीला कुत्रं हाय."

मामानं एकदम मान वर केली.  मग म्हणाला, अगदी हळू, "ते कुत्रं पाटलाचं, अक्का. मला चावलं होतं."

"चावडीपुढं चिखल हाय."

"त्याच्या आधी लोहाराचं घर येतंय. तू इसरली."

"व्हय रं. लोहार ऱ्हायला."

ते दोघं लोहाराकडं थांबले, भाता बघितला, मग चिखल टाळून पुढं गेले. चिंच आली, देऊळ आलं, कोणाच्यातरी परसातला पेरू आला. पेरू कोणी चोरला यावरून थोडं भांडणही झालं. मामी दाराशी येऊन बसली आणि ऐकता ऐकता उंबऱ्याला डोकं टेकून आडवी झाली. मामेभाऊ हॉलमध्ये माझ्या चटईवर कधी पसरले, ते मला दिसलं नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बहीण-भाऊ येऊन बसले. पाणी हळूहळू वर येत होतं की कूलरचा आवाज वाढला होता, मला सांगता यायचं नाही. पायऱ्या बुडाल्या, देऊळ बुडालं, आणि कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. सगळे आपापल्या जागी तरंगत होते.

मला जाग आली ती पाठीमागून दार ढकललं गेल्यामुळं. आत ताईंच्या मोबाईलचा गजर वाजत होता. त्यांनी बुद्धवंदना लावून ठेवलेली असते, संथ, गंभीर. त्या सुरांनी मामा उठून बसला, आणि डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं भक्तिभावानं हात जोडले. गावच्या देवळात काकडा चाललाय असं त्याला वाटलं असावं. वंदना संपेपर्यंत जोडलेलेच होते.

"दादा, ओ दादा," ताई फटीतून म्हणत होत्या. "खुर्ची सरकवा की. मला कोंडलं का काय?"

मी खुर्ची सरकवली. ताई बाहेर आल्या, उंबऱ्यावर मामी, भिंतीला मामा, हॉलमध्ये चटईवर दोघं जण, असा सगळा पसारा त्यांनी बघितला. आईही शांत झोपली होती. ताईंनी आधी वाकून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, मग मामाकडं वळल्या.

मामा टोपी चाचपत उठला. मामीकडून साडी घेतली, ताईंच्या हातात दिली. बोलायचं काय ते त्यानं वाटेत ठरवून आणलं असणार, पण ते झोपेत सांडलं असावं. तो एवढंच म्हणाला, "झोप झाली का बाई?"

"झाली की," ताई म्हणाल्या. "तुमची?"

"आमची बी झाली," मामा म्हणाला आणि हसला. "लई दिसांनी झाली."

ताईंनी चहा केला. जीप उन्हं कलल्यावर निघाली. निघताना मामानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

बायको ऑफिसातून आली तेव्हा मी पलंगपोसांच्या घड्या घालत होतो. तिला सगळं सांगितलं. फावड्याचं वाक्य दोनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पायातल्या चपला काढल्या, भिंतीला टेकून जरा वेळ डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आईंकडं बघायला घरात एकही माणूस जागं नव्हतं."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी गुपचूप बोळातली खुर्ची उचलायला गेलो.

"राहू द्या ती तिथंच," ती म्हणाली. "उद्या ताई लासूरला जाणार, खोली रिकामी. जेवणं झाली की त्या खोलीत मी झोपणार आहे, आतून कडी लावून. मटकी भिजायची राहिली, नळ आला, मामा पुन्हा आले, तरी मला उठवायचं नाही. आणि तुम्ही या वेळी जागं राहायचं."